कठड्याची उंची

"औषधं मोठ्या बॅगेत टाकायची नाहीत," सुवर्णा सांगत होती. "मोठी बॅग बंदरावरच ताब्यात घेतात. ती खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. बीपीची गोळी, चष्मा, आधार कार्ड आणि कपड्यांचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीतच ठेवा."

समोरच्या बावीस जणांपैकी बहुतेकांनी ते लिहून घेतलं. शरणपूर रोडवरच्या एका ट्रॅव्हल कंपनीत सुवर्णा मौले अकरा वर्षं कामाला होती. पहिल्यांदाच क्रूझवर निघालेल्या लोकांना रविवारी सकाळी मागच्या हॉलमध्ये बसवून माहिती द्यायची, हे तिचं काम. कसारा घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर जहाज कोणासाठी थांबत नाही, म्हणून मुंबई आदल्या दिवशीच गाठायची. ज्यांना गाडी लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खोली मागायची. तिथे हेलकावे कमी. आलेपाक जवळ ठेवायचा, आणि मळमळलं तर पाणी आणि आभाळ जिथे मिळतं तिथे बघत राहायचं. इस्त्री, उदबत्ती, निरांजन न्यायचं नाही. किनारा सुटला की फोन बंद, नाहीतर घरी आल्यावर बिल बघून चक्कर येते. पहिल्या दिवशी सरावाचा भोंगा वाजला की असेल तसं उठून ठरलेल्या जागी जमायचं. आणि सगळे पदार्थ एकाच ताटात घ्यायचे नाहीत, जेवण काही पळून जात नाही. या वाक्याला लोक नेहमी हसायचे. आजही हसले.

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हात वर केला. पांढरी टोपी, धुवट सदरा, उन्हाने रापलेला चेहरा. शेजारी त्यांची बायको, दोन्ही हात मांडीवर ठेवून. दोघांनी इतका वेळ काहीच लिहून घेतलं नव्हतं.

"कठडा किती उंच असतो, ताई?"

हा प्रश्न दर खेपेला कोणीतरी विचारायचंच. त्याचं उत्तर माहितीच्या कागदावर तिच्या आधीच्या माणसाने लिहून ठेवलेलं होतं, आणि सुवर्णाने त्याला आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं होतं.

"छातीपर्यंत येतो, बाबा. अजिबात घाबरू नका. चुकून कोणी पडूच शकत नाही. मुद्दाम चढून उडी मारली तरच."

दोघे-तिघे हसले. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितल्यावर माणूस मान हलवतो, तशी म्हाताऱ्याने मान हलवली. सगळ्या जहाजावर सारखाच असतो का, असं त्यांनी विचारलं. सगळीकडे सारखाच, असं सुवर्णाने सांगितलं. त्यांच्या बायकोने पदराचं टोक तोंडाला लावलं होतं, ते तिने शेवटपर्यंत काढलं नाही.

निघताना सुवर्णाने प्रत्येकाला सामानाला बांधायच्या चार-चार चिठ्ठ्या दिल्या. म्हाताऱ्याने त्यातल्या तीन परत केल्या. दोघांत एकच पिशवी आहे, म्हणाले. मुंबईहून परत येणाऱ्या बसमधल्या जागा आमच्यासाठी अडवू नका, असंही म्हणाले. तिने विचारलं, परत कसे येणार? "बघू," एवढंच बोलून ते जिना उतरले.

दुपारी फॉर्म लावताना तिने त्यांचा फॉर्म पाहिला. बहिरू फडोळ, वय अडुसष्ट. लंकाबाई फडोळ, वय बासष्ट. मखमलाबाद. व्यवसाय, फुलशेती. बाल्कनीची खोली. सगळं एका हाताचं, नीटस अक्षर. फक्त 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं' या रकान्यात वेगळं, शाळा अर्धी सोडलेल्या माणसाचं असावं तसं अक्षर होतं. तिथे लिहिलं होतं: 'सुवर्णाताई, ऑफिस'. खाली तिचाच नंबर.

तो फॉर्म तिने पर्समध्ये घातला आणि चार वाजता स्कूटर काढली.

मखमलाबादला फडोळांचं घर विचारावं लागलं नाही. चौकातल्या माणसाने नाव ऐकून आधी तिच्याकडे नीट पाहिलं, मग हात केला. पाटाच्या कडेला दोन खोल्यांचं पक्कं घर होतं. समोरच्या शेतात झेंडूची झाडं उपटून ढीग केलेला होता आणि शेडनेटचे पाइप उघडे उभे होते. गोठ्यात गव्हाण होती, दावं होतं, गाय नव्हती. घरात लंकाबाई एकट्या होत्या. मांडणीवर दोन ताटं, दोन तांबे, दोन-तीन पेले, एक पातेलं. बाकीची मांडणी रिकामी होती, पण पुसून लख्ख केलेली.

सुवर्णाने फॉर्मचा विषय काढला. सही राहिली असं काहीतरी सांगून बघितलं. लंकाबाईंनी तिला पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"तुमचं नाव मीच लिव्हलं. त्यांना म्हाईत नाय," त्या म्हणाल्या. "कोणाचं लिहू? एकच होता, तो नाय. मागं कोणाला तरी ठावं पायजे ना ताई, गाय कोणाकडं दिली, किल्ली कोणाकडं हाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचा मुलगा भारत याच जहाजावर हाउसकीपिंगला होता. तीन वर्षं काम केलं. दोन वर्षांपूर्वी पौषात कंपनीचा फोन आला की भारत जहाजावर सापडत नाही. नंतर इंग्रजीतून पत्र आलं. गावातल्या मास्तरांनी वाचून दाखवलं. सातव्या मजल्यावरच्या, प्रवाशांच्या डेकवरून त्याने स्वतःहून उडी घेतली असावी, असं त्यात होतं. देह मिळाला नाही. मास्तरांनी कोणाला सांगितलं नव्हतं, तरी गावात ते पसरलं. कोणी म्हणालं पोरगी होती, कोणी म्हणालं दारू. भावकीतले म्हणाले, जीव दिलेल्याचं काम आहे, त्र्यंबकला जाऊन विधी करून टाका. बहिरू तयार झाले नाहीत. माझ्या पोराने जीव दिला हे आधी मला कळू दे, मग विधी, असं म्हणून ते दोन वर्षं बसून राहिले होते.

तो नाहीसा झाला त्या सकाळी सहाला दहा कमी असताना भारतचा फोन येऊन गेला होता. एकदाच वाजला. लंकाबाई फुलं तोडायला शेतात होत्या, फोन घरात होता.

"ते म्हणत्यात, शेवटचं बोलायचं आसंल त्याला," लंकाबाई म्हणाल्या. पुढचं सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. "कंपनीनं दिलेल्या पैशातनंच तिकीट काढलंय. वर जाऊन सोता बघू म्हणाले. चुकून पडण्यासारखं आसंल तर माघारी यायचं. नसंल, तर पोरगा जिथं गेला तिथं आपण. मी हो म्हणले तेव्हा. मग तुम्ही आज सांगितलंत ना, चुकून कोणी पडतच नाय. घरी आल्याबरोबर त्यांनी झेंडू उपटला."

सुवर्णाच्या हातात पाण्याचा पेला होता. तो खाली ठेवायला तिला जागा दिसेना.

तेवढ्यात बहिरू आले. तिला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं असलं तरी त्यांनी दाखवलं नाही. चहा टाक, असं बायकोला म्हणाले. सुवर्णाने सहीचं खोटंच कारण पुन्हा सांगितलं, त्यांनी खाली वाकून, चष्मा लावून सही केली. मग तिने धीर करून म्हटलं की बाबा, मी सकाळी बोलले ते कागदावरचं होतं. ते शांतपणे म्हणाले, कागदावरचं म्हणजे खरंच असणार की. चहा झाल्यावर ते तिला स्कूटरपर्यंत सोडायला आले. घाट जपून उतरा, असं ते तिला म्हणाले. त्या रस्त्यावर घाट नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने राज सरांना सगळं सांगितलं. राज सर कंपनीचे मालक, तिच्याहून आठ वर्षांनी लहान, माणूस वाईट नव्हता. त्यांनी बहिरूंच्या पुतण्याला फोन लावून पाहिला. पुतण्या म्हणाला, काका-काकू देवाला चाललेत असं ऐकलंय, जाऊ द्या की. मग राज सर म्हणाले, तिकीट रद्द करू. सुवर्णाला तेही पटेना. तिकीट रद्द केलं तर म्हाताऱ्याचा प्रश्न मिटणार नव्हता, तो फक्त तिच्या नजरेआड जाणार होता. आणि त्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलेलं होतं.

"या बॅचबरोबर मी जाते," ती म्हणाली.

राज सरांनी मान वर केली. अकरा वर्षांत ती एकदाही जहाजावर गेली नव्हती. आधी सासूबाईंचं आजारपण, मग नवरा गेला, मग लेकीची, आरोहीची, दहावी, बारावी. गेलेले लोक परत आल्यावर भेटायला यायचे, त्यांना विचारून विचारून तिने माहिती वाढवत नेली होती. कोणत्या मजल्यावर चहा चांगला मिळतो, हेही तिला ठाऊक होतं. समुद्र तिने एकदा अलिबागला पाहिला होता. टूर मॅनेजर लखनच्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं, त्याने आनंदाने आपली जागा दिली. आरोहीने मात्र रात्रीच्या जेवणाला विचारलं की आई, तू का जातेयस. कंपनीने पाठवलंय, असं सुवर्णाने सांगितलं. मुलीने ते ऐकून घेतलं, पण बॅग भरताना तिने न सांगता आईच्या पर्समध्ये आलेपाकाची पुडी टाकली.

जहाज दुपारी बंदरात उभं होतं. सुवर्णाने जे हजारदा वर्णन करून सांगितलं होतं ते समोर पाहून तिची मान मागे गेली. ते जहाजासारखं दिसतच नव्हतं. एखाद्या शहरातली खिडक्यांची गल्ली उचलून पाण्यावर ठेवावी तसं दिसत होतं. तिची माणसं फोटो काढत होती. बहिरू फोटो काढणाऱ्यांच्या मागे उभे राहून खालपासून वरपर्यंत मजले मोजत होते. सातव्याशी त्यांची नजर थांबली.

जहाज सुटायच्या आतच त्यांनी सातव्या मजल्यावरच्या डेकला फेरी घातली. सुवर्णा दहा पावलांवरून चालत राहिली. ते थोड्या-थोड्या अंतरावर थांबायचे, कठड्याला पाठ न लावता समोर उभे राहायचे आणि जमिनीपासून विती टाकत हात वर न्यायचे. पहिल्यांदा साडेपाच विती भरल्या. पुढच्या ठिकाणी तेवढ्याच. मागच्या टोकाला तेवढ्याच. कठडा त्यांच्या छातीला लागत होता, आणि बहिरू काही बुटके नव्हते. एका ठिकाणी त्यांनी दोन्ही हातांनी जोर देऊन तो हलवून पाहिला. तो हलला नाही. बाजूला एक लहान मुलगी त्याच्या काचेला नाक लावून पाण्याकडे बघत होती. तिची आईही निर्धास्त होती.

फेरी पूर्ण झाल्यावर ते एका बाकावर बसले. सुवर्णा शेजारी जाऊन बसली.

"तुमचा कागद बरोबर हाय, ताई," ते म्हणाले. "सगळीकडं सारखाच."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमालात बांधलेली किल्ली काढली आणि दोघांच्या मधे बाकावर ठेवली. नाशिकला गेल्यावर पुतण्याला द्या म्हणाले. सुवर्णाने ती उचलली नाही. तुम्हीच द्या, असं म्हणाली. किल्ली तशीच पडून राहिली. भोंगा वाजला तेव्हा त्यांनी ती परत खिशात टाकली. सराव झाला, केशरी जाकीट घालून दोघं नवरा-बायको सगळ्यांबरोबर शिस्तीत रांगेत उभी राहिली. मुंबईचे दिवे मागे पडले.

सुवर्णाने चौकशीच्या टेबलावर जाऊन बाल्कनीला कुलूप घालता येईल का, हे विचारलं. तिथली मुलगी हसतमुखाने म्हणाली की प्रवाशाच्या संमतीशिवाय नाही. मग सुवर्णाने आपल्या माहितीतलंच एक वाक्य वापरलं. लंकाबाईंना मळमळत होतं, ते खरंच होतं. ती बहिरूंना म्हणाली की मावशींना खालची, मधली खोली लागेल, माझी खोली तशी आहे, आपण बदलून घेऊ. ते नाही म्हणायच्या आधी लंकाबाई पिशवी घेऊन उठल्या. खाली, खिडकी नसलेल्या त्या खोलीच्या दारात सुवर्णाने त्यांना भिंतीवरचा फोन दाखवला आणि कोणते आकडे दाबायचे ते दोनदा दाबून दाखवलं. बहिरू न्हाणीघरात होते.

त्याच संध्याकाळी तिने आणखी एक काम केलं. खोली आवरणाऱ्या पोराला विचारलं की इथे जुनं कोण आहे. तो म्हणाला, सोमनाथदादा, आठ वर्षं झाली, तुमच्या नाशिककडचेच आहेत. सोमनाथ तिला टॉवेलच्या खोलीजवळ सापडला. पस्तिशीचा, निफाडचा. मराठी ऐकून त्याचा चेहरा खुलला. भारत फडोळचं नाव ऐकून तो बंद झाला. मला काही माहीत नाही मॅडम, आम्हाला त्यावर बोलायची परवानगी नाही, असं म्हणून त्याने टॉवेलची चळत उचलली. त्याचे आईवडील जहाजावर आहेत, असं ती त्याच्या पाठीला म्हणाली. तो क्षणभर थांबला, पण वळला नाही.

बाल्कनीच्या खोलीत सुवर्णाला झोप लागली नाही. जहाज एका बाजूला कलायचं, थांबायचं, मग दुसऱ्या बाजूला. आलेपाक तोंडात धरून ती पडून राहिली. पाणी आणि आभाळ मिळतं ती रेघ शोधायला काही दिसतच नव्हतं. अकरा वर्षांत आपण किती जणांना ते वाक्य सांगितलं, आणि त्यातलं कोण कशासाठी विचारत होतं, हे ती आठवायचा प्रयत्न करत होती. ऐकणाऱ्यांचे चेहरे तिला आठवत नव्हते. हसणं फक्त आठवत होतं.

पहाटे उशाचा मोबाइल एकाएकी वाजायला लागला. मेसेजमागून मेसेज. तो बंद करायचं ती स्वतःच विसरली होती. रेंज आली होती, म्हणजे गोव्याचा किनारा जवळ आला होता. ती उठून बसली आणि तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

"ताई," लंकाबाई म्हणाल्या, "ते निघाले."

सुवर्णा जिन्याने धावली. वाटेत लंकाबाई भेटल्या, अनवाणी, एका हाताने भिंत धरून चढत होत्या. सातव्या मजल्यावर कोणी नव्हतं. मागच्या टोकाला कोणी नव्हतं. डेक नुकताच धुतलेला होता, ओला. सुवर्णाने कठड्यावरून खाली पाहिलं. काळं पाणी जहाजाच्या पोटाला घासत मागे जात होतं, आणि त्यात फेसाशिवाय काही दिसत नव्हतं. तिला वाटलं की आपल्याला उशीर झाला. लंकाबाईंना तसं वाटलं नसावं. त्या एक मजला वर, पुढच्या दिशेने चालत गेल्या. "ते पुढंच आसतील," म्हणाल्या. "शेतातसुदा आधी बांधाच्या टोकाला जात्यात."

जहाजाच्या नाकाशी, प्रवाशांना उभं राहता येईल अशा शेवटच्या जागी, बहिरू उभे होते. टोपी काढून खिशात ठेवलेली. दोन्ही हात कठड्यावर. सुवर्णा जवळ गेली, पण तिने त्यांना धरलं नाही. पूर्वेला उजाडायला लागलं होतं.

ते समुद्राकडे बघत नव्हते. खाली, दोन मजले खाली, जहाजाचा पुढचा उघडा भाग दिसत होता. जाडजूड दोरांची वेटोळी, लोखंडी खुंट, आणि नळीने फरशी धुणारा एक माणूस.

"ताई, ते खालचं कोणाचं?"

"कामगारांचं आहे, बाबा. प्रवाशांना तिथे जाता येत नाही."

"तुम्ही सांगितलं त्यात ते नव्हतं."

"नव्हतं." सुवर्णा म्हणाली. "मला माहीतच नव्हतं. मी कधी जहाज पाहिलं नव्हतं, बाबा. लोकांना धीर यावा म्हणून बोलायचे. तुम्हाला बोलले ते मी माहीत नसताना बोलले."

बहिरूंनी ते ऐकलं की नाही ते कळलं नाही. ते खालच्या माणसाकडे बघत होते. तो माणूस नळी ओढत कडेला गेला आणि कठड्याशी वाकला. कठडा म्हणजे तीन आडवे पाइप होते, वरचा पाइप त्याच्या कमरेच्या जरा वर लागत होता.

"वरचा पाइप नवा हाय," बहिरू म्हणाले.

सुवर्णाला तिन्ही सारखेच पांढरे दिसत होते.

"नीट बघा. खालच्या दोन्हीला रंगावर रंग चढलाय, पोपडे आलेत. वरच्याला एकदाच दिलाय. आन् जोड बघा, खुंटाशी. घासला पण नाय नीट. घाईत बसवलेला हाय." ते शेडनेट उभारताना बोलावेत तसे बोलत होते. मग त्यांचा आवाज खाली गेला. "तो नव्हता तवा कठडा कुठं येत आसंल?"

"मांडीला," मागून कोणीतरी म्हणालं.

सोमनाथ उभा होता. हातात टॉवेल नव्हते. तो मुद्दाम आलेला होता, आणि आल्यावर काय करायचं हे ठरलं नसावं, कारण तो दोन पावलं दूरच थांबला. सुवर्णाने ओळख करून द्यायची गरज पडली नाही. लंकाबाईंकडे बघून तो म्हणाला, "मावशी, भारतचं नाक तुमच्यासारखं होतं."

मग तो बोलला. वरचा पाइप गंजून तुटला होता, तिथे नुसता दोर बांधला होता. पंधरा दिवस तसाच. सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी भारत तिथे जायचा. गोवा जवळ आलं की सगळ्यात आधी तिथे रेंज यायची. आई फुलं तोडायला जायच्या आत गाठावी लागते, असं म्हणायचा. एकदा फुलांत गेली की दहापर्यंत सापडत नाही. त्या दिवशी फरशी धुतलेली होती आणि जहाज हलत होतं. सोमनाथ दोघांचा चहा घेऊन आला तेव्हा दोर तुटून लोंबत होता आणि खालच्या पाइपात भारतची एक चप्पल अडकलेली होती. त्याने ते साहेबांना सांगितलं होतं. कागदावर मात्र सातवा मजला आला. सही कर, नाहीतर पुढच्या बंदरात उतर, असं त्याला सांगितलं. त्याने सही केली. चार दिवसांत नवा पाइप बसला.

"मला दोन मुलं आहेत, काका," सोमनाथ म्हणाला.

बहिरूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. रागावले नाहीत, जवळही घेतलं नाही. ते पुन्हा खाली बघायला लागले. नळीवाला माणूस दोर गुंडाळत होता. लंकाबाई खाली, ओल्या फरशीवरच बसल्या. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांभोवती घातले आणि हळूहळू पुढेमागे डोलत राहिल्या. "मला गाठायला," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाल्या. सुवर्णा त्यांच्या शेजारी बसली. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. डेकवर व्यायामाचे कपडे घातलेले लोक यायला लागले, एकाने थांबून विचारलं की आजींना बरं नाही का. मळमळतंय, असं तिने सांगितलं.

शेवटी बहिरू वळले. त्यांनी सोमनाथला विचारलं, "हे लिहून देशील?"

सोमनाथने खालच्या नव्या पाइपाकडे एकदा पाहिलं. मग मान हलवली.

त्याने लिहून दिलं, सुवर्णाच्या माहितीच्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर, मराठीत, तारीख घालून. पुढच्या महिन्यात त्याला जहाजावरून उतरवलं. नाशिकला परत आल्यावर सुवर्णा बहिरूंबरोबर एका वकिलाकडे गेली. कंपनीला तीन पत्रं गेली. एकाचं उत्तर आलं, त्यात शोक व्यक्त केला होता. वकील म्हणतात वेळ लागेल. तसा तो लागतो आहे. राज सरांनी सुवर्णाला हॉलमधल्या कामावरून काढलं नाही, पण या बॅचबद्दल कोणाशी बोलू नका, असं बजावलं.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी, जहाज गोव्याला लागलं आणि सगळे प्रवासी उतरून फिरायला गेले तेव्हा, सुवर्णा दुपारी खालच्या मजल्यावर गेली. दोघांना एकटं सोडायची भीती तिच्या मनातून अजून गेली नव्हती. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं, जाड गालिचा. तिच्या खोलीच्या, म्हणजे आता त्यांच्या खोलीच्या दाराशी, गालिच्यावर पंचा टाकून बहिरू बसले होते. पाठ भिंतीला, मांडी घातलेली. दार किंचित उघडं होतं आणि आतून लंकाबाईंच्या झोपेचा संथ आवाज येत होता.

"दोन वर्षांत दिवसा झोपली नव्हती," ते हळू आवाजात म्हणाले.

खोली आवरणारा पोरगा गाडी ढकलत कोपऱ्यावरून आला. गाडीचं एक चाक करकरत होतं. बहिरूंनी हात वर करून त्याला थांबवलं. मग ते उठले, गाडीचं पुढचं टोक स्वतःच्या हाताने उचलून धरलं, आणि तो म्हातारा माणूस आणि तो पोरगा, दोघंही पाय न वाजवता, ती गाडी उचलून दारावरून पुढे घेऊन गेले.